मुलांच्या बॉक्सिंग क्लबला पावसाआधी छप्पर हवे

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वडगाव-खासबाग परिसरात मुलामुलींना विनामूल्य बॉक्सिंग शिकवणारा एक छोटा क्लब गेली सहा वर्षे बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडमध्ये चालत होता. शेडच्या मालकांनी इतकी वर्षे भाड्यापोटी केवळ वीजबिल घेतले, हे त्यांचे उपकारच म्हणायचे. पण त्यांच्या घरी अडचण आली, जागा विकावी लागली आणि मार्चअखेर क्लबला तेथून बाहेर पडावे लागले. तेव्हापासून चाळीसेक मुले एका देवळामागच्या मोकळ्या आवारात सराव करीत आहेत. ठोसे मारायच्या बॅगा चिंचेच्या फांदीला टांगतात आणि सराव संपला की त्या उतरवून शेजारच्या पडवीत नेऊन ठेवतात. मृग आता तोंडावर आला आहे. बेळगावचा पाऊस एकदा लागला की उघड्यावर काही करण्याची सोय राहत नाही, हे येथील वाचकांना वेगळे सांगायला नको. पावसामुळे ज्या मुलांचा सराव चार महिने थांबेल, त्यांच्यातली निम्मी पुन्हा परतणार नाहीत, अशी भीती मला वाटते आणि म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

मी खेळाडू नाही. एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि गेली चार वर्षे या क्लबची हजेरीवही सांभाळते, शिवाय सरावानंतर तासभर मुलांचा अभ्यास घेते. त्यापूर्वी मात्र या क्लबविषयी माझे मत चांगले नव्हते, आणि त्या मतामुळे एका मुलाचे दोन वर्षांचे नुकसान झाले, ते आधी सांगते.

माझ्या नववीच्या वर्गात एक मुलगा होता. वडिलांचा माग बंद पडला होता आणि आई दुसऱ्यांकडे कांड्या भरायला जात असे. मुलगा तापट होता, मधल्या सुटीत त्याची भांडणे व्हायची. एके दिवशी आई शाळेच्या फाटकाशी थांबली आणि तिने विचारले, ‘‘बाई, पोराला त्या बॉक्सिंगला पाठवू काय? फुकट शिकवतात म्हणे.’’ मी तिला सांगितले, ‘‘आधीच हात उचलतो, त्यात आणखी मारामारी शिकून येईल. नका पाठवू.’’ बाईंचा शब्द म्हणून तिने पाठवले नाही. दिवाळीनंतर मुलगा शाळेतही आला नाही. तो उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत एका फाउंड्रीत कामाला लागल्याचे नंतर कळले. मी दोनदा त्याच्या घरी गेले, आई रडली, आणि पुढे माझ्याकडून काही झाले नाही.

दोन वर्षांनी तो स्वतःच्या पायांनी त्या क्लबात गेला. आई मला सांगायला घरी आली. माझ्यावर तिचा राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी ती शेड पाहायला गेले.

मारामारी दिसेल अशी अपेक्षा होती. दिसले ते असे, की हा मुलगा बाकावर बसून हाताला पट्टी गुंडाळत होता. नखांत आणि बोटांच्या सांध्यांत मोल्डिंगची काळी वाळू बसलेली होती. ती साबणाने जात नाही. त्याने पट्टीचे टोक अंगठ्यात अडकवले, मनगटाला वेढे घेतले, मग तळव्यावरून, मग एकेका बोटाच्या फटीतून पट्टी काढली आणि पुन्हा मनगटावर आणून बांधली. घाई अजिबात नव्हती. त्याच्याहून लहान एक मुलगा पुढे उभा राहून लांबलचक पट्टीचे दुसरे टोक ताणून धरत होता, म्हणजे सुरकुती पडू नये. मग प्रशिक्षक आले, त्यांनी त्याचे मनगट दाबून पाहिले, अंगठ्याजवळ पट्टी सैल होती म्हणून सगळी सोडायला लावली, आणि त्याने एक शब्द न बोलता पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. वर्गात वहीतली एक ओळ खोडून पुन्हा लिही म्हटले तर वही भिरकावणारा हा मुलगा. मी त्या दिवशी दारातच उभी राहिले, आत काही बोलले नाही. दुसऱ्या दिवसापासून मी तेथे जाऊ लागले.

प्रशिक्षक पलटणीतून निवृत्त झालेले सुभेदार आहेत. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र १९२२ पासून आपल्या गावात आहे, त्यामुळे निवृत्त होऊन बेळगाव तालुक्यात आणि खानापूरकडच्या खेड्यांत स्थायिक झालेल्या जवानांची आपल्याकडे कमी नाही. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी सैन्यात असताना बॉक्सिंग, कुस्ती किंवा धावणे नीट शास्त्रानुसार शिकलेले असते. निवृत्तीनंतर ही विद्या बहुधा बँकेच्या किंवा कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याच्या खुर्चीत बसून राहते. आमच्या सुभेदारांनी दिवसा तीच नोकरी केली आणि संध्याकाळ मुलांना दिली.

बॉक्सिंग म्हणजे मारामारी, हा समज माझा होता तसा अनेक पालकांचा आहे, म्हणून या खेळाचे नियम थोडे सांगते. समोरासमोर येणारे दोघे एकाच वजनगटातले आणि एकाच वयोगटातले असावे लागतात. लढत तीन फेऱ्यांची असते, आणि दोन फेऱ्यांमध्ये एक मिनिट विश्रांती असते. लढतीपूर्वी डॉक्टर तपासतात. कोणी ठोशाने डळमळला तर पंच आठपर्यंत आकडे मोजतात आणि तोवर समोरच्याला हात लावता येत नाही. डोक्याला मार बसून लढत थांबली, तर त्या खेळाडूला किमान तीस दिवस सरावातही ठोसे खाण्याची मुभा नसते, आणि तसे तीन महिन्यांत पुन्हा घडले तर ही मुदत नव्वद दिवसांची होते. गल्लीतल्या भांडणात आकडे कोणी मोजत नाही. मुलांना हा फरक फार लवकर कळतो. आमच्या क्लबात ज्याने बाहेर हात उचलला असे कळेल, त्याचे हातमोजे महिनाभर काढून घेतले जातात आणि त्याला केवळ दोरीवरच्या उड्या मारायला मिळतात. चार वर्षांत ही वेळ मी जेमतेम पाच-सहा वेळा पाहिली.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत नसते. क्लबात येणारी बहुतेक मुले स्पर्धेच्या रिंगणात कधी उतरतच नाहीत. दोरी, जागच्या जागी धावणे, आरशासमोरचा सराव, बॅगेवरचे ठोसे, प्रशिक्षकाच्या हातातल्या पॅडवरचा सराव, यांतच त्यांची वर्षे जातात आणि त्यांना तेवढेच हवे असते. आमच्या बॅगा रेक्झिनच्या असून आत लूमवरच्या वाया गेलेल्या सुताचा गुंता आणि शिंप्याकडच्या चिंध्या भरल्या आहेत. एका मुलाच्या वडिलांनी त्या घरी शिवून दिल्या. हातमोज्यांचे बारा जोड आहेत, ते आळीपाळीने वापरतात. खरे रिंगण दोरांच्या आत सहा मीटरहून थोडे अधिक लांब-रुंद असते. आमच्याकडे फरशीवर खडूने आखलेला चौकोन होता आणि आता मातीवर फक्कीने आखतात.

कोणी म्हणेल, बेळगावात तालमी आहेत, मग हे नवे कशाला? तालमींविषयी मला मनापासून आदर आहे. यात्रेतल्या कुस्तीच्या मैदानाला माझे वडील मला खांद्यावर बसवून नेत असत. पण पैलवान घडवायला खुराक लागतो आणि दूध, तूप, बदाम यांचा खर्च मागावर पोट असलेल्या घराला आता पेलत नाही. शिवाय मुलींना तालमीची पायरी चढायला अजूनही बऱ्याच ठिकाणी संकोच वाटतो. आमच्या क्लबात सराव संपल्यावर भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे मिळतात, शनिवारी प्रत्येकाला एक अंडे. हे अंडे क्षुल्लक वाटेल, पण विचार करावा. शाळेत असेपर्यंत मुलाला दुपारचे जेवण मिळते, अंडे मिळते. शाळा सुटली की तेही सुटते, आणि ते नेमके त्या वयात, जेव्हा हाडे लांब होत असतात आणि फाउंड्रीत आठ-आठ तास उभे राहावे लागते.

माझ्या मते सगळ्या प्रश्नाचे मूळ याच वयात आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेची हमी देतो. बालमजुरीविरोधी कायद्यातही २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदाखालील मुलांना घरच्या व्यवसायातील मदतीसारखे मोजके अपवाद सोडता कामाला लावता येत नाही. चौदा ते अठरा या वयात बंदी आहे ती धोकादायक कामांपुरती. म्हणजे आठवी संपली की मूल कायद्याच्या ओंजळीतून खाली सांडते. आमच्या भागात ते कुठे जाते हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. शहापूर, वडगाव, खासबाग हा विणकरांचा पट्टा. साडीला भाव मिळेनासा झाला, सुताचे दर वाढले, २०२० च्या टाळेबंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले, आणि अनेक घरांत मागाच्या जागी आता धान्याची पोती रचलेली आहेत. मुलगे उद्यमबागेत मदतनीस म्हणून जातात किंवा चोर्ला घाटातून गोव्याला हॉटेलकामाला. मुली घरी कांड्या भरतात किंवा कापडदुकानात उभ्या राहतात. काम वाईट नाही, मी कामाला कमी लेखत नाही. पण सहा वाजता काम सुटल्यापासून झोपेपर्यंत या मुलांना विचारणारे कोणी नसते, आणि त्या वेळात गुटख्याची पुडी, मोबाइलवरचे पैशांचे जुगार आणि कोपऱ्यावरची टोळकी मात्र त्यांची वाट पाहत असतात. क्लबची वेळ सहा ते आठ ठेवली आहे ती याचसाठी.

आठ ते नऊ अभ्यास. फाउंड्रीतल्या त्या मुलाने बाहेरून एसएसएलसीचा, म्हणजे दहावीच्या परीक्षेचा, अर्ज भरला तेव्हा मी त्याला म्हटले, गणित आपण रोज थोडे करू. गणित पहिल्या खेपेस राहिले, दुसऱ्या खेपेस सुटले. आज तो आयटीआयला आहे. त्याने कुठलीही स्पर्धा जिंकलेली नाही.

मुलींविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचे बॉक्सिंग १९०४ पासून आहे, स्त्रियांना मात्र ते दार २०१२ च्या लंडन स्पर्धेत उघडले आणि त्याच वर्षी मेरी कोम यांनी भारतासाठी कांस्यपदक आणले. मणिपूरमध्ये त्यांचे आईवडील दुसऱ्यांच्या शेतात राबत असत. टोकियोत कांस्य मिळवणाऱ्या लवलीना बोर्गोहाईं आसाममधल्या गोलाघाट जिल्ह्यातल्या आणि २०२२ व २०२३ अशा लागोपाठ दोन वर्षी जगज्जेती ठरलेली निखत झरीन निजामाबादची. दोन्ही गावे आपल्या बेळगावपेक्षा काही फार मोठी किंवा सोयींनी भरलेली नाहीत. आमच्याकडे सध्या अकरा मुली येतात. त्यांतल्या एकीची आई पहिल्या दिवशी म्हणाली होती, ‘‘नाकावर लागलं तर हिचं लगीन कसं जमंल?’’ सुभेदारांनी तिला हसण्यावारी नेले नाही. त्यांनी डोक्याचे संरक्षक कवच आणि दातांचा गार्ड तिच्या हातात देऊन दाखवला, मुलगी स्वतः म्हणेपर्यंत तिला कोणासमोर उभे करणार नाही असा शब्द दिला आणि सरावाच्या वेळी येऊन बसायला सांगितले. ती माउली तीन महिने रोज येऊन बसली. आता इतर मुलींना अंधार पडल्यावर घरापर्यंत सोडण्याचे काम तिने आपणहून घेतले आहे. मोकळ्या आवारात सराव हलवल्यापासून मात्र चार मुली येणे बंद झाल्या, कारण तेथे कपडे बदलायला आडोसा नाही आणि कुंपणापलीकडे टवाळखोर उभे राहतात.

जागेसाठी आम्ही गेल्या दोन महिन्यांत तीन ठिकाणी अर्ज केले. एका कार्यालयात आम्हाला पहिला प्रश्न विचारण्यात आला तो असा, की तुमच्या क्लबची राज्य पातळीवरची पदके किती? आमच्याकडे ती नाहीत. हा प्रश्न विचारणाऱ्यांच्या हेतूविषयी मला शंका नाही, त्यांनाही वर उत्तर द्यायचे असते. पण क्लबचे माप या पट्टीने घ्यायचे असेल तर आधी हरियाणातल्या भिवानीकडे पाहावे. त्या जिल्ह्यातल्या हवासिंग यांनी १९६६ आणि १९७० च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदके मिळवली, आणि ऑलिम्पिक बॉक्सिंगमधले भारताचे पहिले पदक विजेंदरसिंगच्या रूपाने भिवानीला मिळाले ते २००८ मध्ये. मधली अडतीस वर्षे तेथे कोणीतरी रोज दार उघडत होते, मुलांच्या पट्ट्या तपासत होते आणि त्यांतल्या बहुसंख्य मुलांना कोणतेही पदक मिळाले नाही. मी त्या कार्यालयात हजेरीवही घेऊन गेले होते. शाळा सोडलेली किती मुले पुन्हा परीक्षेला बसली, कोण सहा महिने सलग आला, कोण कामाच्या पाळीमुळे गैरहजर राहिला आणि पाळी बदलताच परतला, हे सगळे तीत आहे. ती वही उघडून पाहायला त्या दिवशी कोणाला वेळ झाला नाही.

भाषेचा मुद्दाही सांगितला पाहिजे. मी दर १ नोव्हेंबरला मूक फेरीत चालत आले आहे आणि सीमाभागातल्या मराठी माणसाचे दुखणे मला कोणी शिकवायला नको. आमच्या क्लबात मराठी, कन्नड आणि उर्दू बोलणारी मुले एकत्र आहेत. रिंगणात पंच जगभर तीनच शब्द वापरतात, ‘बॉक्स’, ‘स्टॉप’ आणि ‘ब्रेक’, त्यामुळे तेथे कोणाचे काही अडत नाही. अडते ते कागदावर. जिल्हा पातळीवरच्या स्पर्धांची पत्रके, वयाच्या दाखल्यांचे नमुने, पालकांची संमतिपत्रे केवळ कन्नडमध्ये येतात आणि ज्या आईने त्यावर अंगठा किंवा सही करायची, तिला आपण कशाला संमती देतो आहोत हे वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांहून अधिक असतील तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही तरतूद केंद्राच्या १९५६ च्या निवेदनापासून आहे. डोक्याला मार लागू शकणाऱ्या खेळाच्या संमतिपत्राहून अधिक महत्त्वाचा कागद कोणता असू शकतो? कन्नड मजकुराखाली मराठी आणि उर्दू मजकूर छापावा, एवढेच मागणे आहे.

जागा देताना प्रशासनाने क्लबवर अटी जरूर घालाव्यात, किंबहुना घालाव्यातच. अल्पवयीन मुले जेथे येतात तेथे दोन प्रौढ व्यक्ती सतत हजर असाव्यात, मुलींच्या वेळेत एक तरी स्त्री असावी, आणि मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याची माहिती प्रशिक्षकांना दिलेली असावी. वजनगटात बसवण्यासाठी मुलांना उपाशी ठेवणे, पाणी तोडणे हे प्रकार काही ठिकाणी चालतात, त्यांना सक्त मनाई असावी. डोक्याच्या कवचाने जखमा टळतात पण मेंदूला बसणारा हिसका पूर्ण टळत नाही, म्हणून वर्षातून दोनदा तरी डॉक्टरी तपासणी बंधनकारक करावी. ज्या क्लबला या अटी जाचक वाटतील, त्याच्याकडे मी माझा नातू पाठवणार नाही आणि दुसऱ्या कोणाचे मूलही पाठवा म्हणणार नाही.

आमची मागणी मोठी नाही. शहरात ठिकठिकाणी समुदाय भवने बांधलेली आहेत आणि लग्नसराई व निवडणुका सोडल्या तर त्यांतली कित्येक कुलूपबंद असतात. सरकारी शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात. यांपैकी एखादी जागा आठवड्यातले सहा दिवस, संध्याकाळी सहा ते नऊ, किमान तीन वर्षांच्या लेखी कराराने मिळावी. तोंडी परवानगी नको, कारण अधिकारी बदलले की ती हवेत विरते. शाळेची जागा असेल तर एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या विकास व देखरेख समितीच्या, सदस्यांनी आधी येऊन सराव पाहावा, शंका विचाराव्यात आणि मगच ठराव करावा. झाडलोट, कुलूप-किल्ली आणि वीजबिल ही जबाबदारी आम्ही घेऊ. उद्यमबागेतल्या आणि जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या चालकांनाही एक विनंती आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात सामाजिक दायित्वाच्या निधीतून ऑलिम्पिक खेळांच्या प्रशिक्षणावर खर्च करता येतो. लहान कारखाने त्या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, पण संरक्षक कवचांचा एक संच, दोन चटया किंवा वर्षभराच्या हरभऱ्यांचे एक पोते द्यायला कायदा लागत नाही, आणि या क्लबातली निम्मी मुले त्यांच्याच कारखान्यांतून सुटून थेट सरावाला येतात.

कोणाकडे रिकामी शेड, गोदाम किंवा हॉल असेल तर आपल्या कार्यालयात निरोप ठेवावा. मी दर सोमवारी येऊन विचारीन. तोपर्यंत सराव देवळामागेच सुरू आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी सहाला थोडे आधी यावे, म्हणजे मुले पट्ट्या बांधताना दिसतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, वडगाव, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)